माग कसा वाचावा: ठसे आणि चालीवरून वन्यप्राणी ओळखणं

जुन्नर, संगमनेर, निफाडच्या ऊसपट्ट्यात सकाळी बांधावर पंजाचा ठसा दिसला की गावात पहिलं नाव निघतं ते बिबट्याचं. ते पुष्कळदा खरंही असतं. पण तोच ठसा गावातल्या दांडग्या कुत्र्याचा किंवा तरसाचा निघाल्याची उदाहरणंही कमी नाहीत. चूक बहुतेक वेळा एकाच प्रकारे होते: एक ठसा पाहायचा, तो मोठा दिसला की निकाल द्यायचा. ओळखीच्या सगळ्या खुणांत आकार ही सर्वांत कच्ची खूण. ओल्या चिखलात बोटं फाकतात आणि ठसा पसरतो, कोरड्या वाळूत कडा ढासळून तो रुंद होतो, कडक जमिनीवर मात्र गादीचा, म्हणजे बोटांमागच्या तळव्याच्या मांसल उंचवट्याचा, अर्धाच भाग उमटतो. म्हणून आधी घडण पाहायची, मग सलग चार-पाच ठशांवरून चाल पाहायची, आणि पट्टी सगळ्यात शेवटी लावायची.

जमीन आणि उजेड

खाली घट्ट जमीन आणि वर सेंटिमीटरभर बारीक धूळ असेल तिथे ठसा सर्वांत स्वच्छ उमटतो. ताडोबा, मेळघाट, पेंचकडच्या जंगलवाटांवर फेब्रुवारी ते मे या काळात असा फुफाटा तयार असतो, आणि शिकायला हेच दिवस उत्तम. सह्याद्रीत नि कोकणात जांभ्यावर काही उमटत नाही. तिथे ओढ्याकाठचा गाळ, पाणवठ्याची कड आणि पायवाटेवर झाडाखाली साचलेली माती धुंडाळावी लागते. काळी माती पावसानंतर फसवते. ती पायाला गोळ्याने चिकटते, बोटांमधल्या फटी बुजतात आणि कुत्र्याचा ठसाही वाघाएवढा भरदार वाटू लागतो.

सूर्य वर चढण्यापूर्वी किंवा मावळतीला पाहा. ठसा तुमच्या आणि सूर्याच्या मध्ये येईल असे उभे राहा, म्हणजे तिरप्या उजेडात कडांच्या सावल्या पडतात आणि जे सरळ वरून दिसत नाही ते दिसतं. दुपारी पाहायची वेळ आलीच तर टोपीने किंवा अंगाने ठशावर सावली धरा आणि एका बाजूने, जमिनीलगत, विजेरीचा झोत टाका. सामान फार लागत नाही: पंधरा सेंटिमीटरची पट्टी, मेजटेप, वही, विजेरी आणि सव्वा मीटरची सरळ काठी. काठीवर दोन रबरबँड चढवून ठेवा. त्यांचं काम पुढे येईल.

मांजरकुळ की श्वानकुळ

खूर असेल तर प्रश्न वेगळा, तो नंतर पाहू. पंजा असेल तर आधी बोटं मोजा. वाघ, बिबट्या, रानमांजर, कुत्रा, लांडगा, कोल्हा, खोकड, रानकुत्रा, तरस या सगळ्यांची चारच बोटं उमटतात. इथेच खरा गोंधळ असल्यामुळे इथे जरा थांबू.

नखं दिसली म्हणजे कुत्रा, नाही दिसली म्हणजे बिबट्या, एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. हा नियम चालतो, पण दोन्ही बाजूंनी मोडतो. बिबट्या चिखलात घसरला, उतारावर पाय रोवला किंवा धावला की त्याची नखं बाहेर येतात आणि उमटतात. उलट कडक जमिनीवर किंवा पातळ धुळीत म्हाताऱ्या, नखं झिजलेल्या कुत्र्याची नखं दिसतच नाहीत. त्यामुळे नखांआधी गादी पाहा. मांजरकुळातली गादी संपूर्ण ठशाच्या मानाने मोठी असते आणि तिच्या मागच्या कडेला तीन फुगवटे असतात. पुढची कड सपाट किंवा मध्ये जराशी दबलेली. कुत्र्याची गादी लहान, पुढे निमुळती होत गेलेली, साधारण त्रिकोणी.

मग बोटांची मांडणी. कुत्र्याच्या ठशाच्या मधोमध उभी रेघ ओढली तर दोन्ही अर्धे जवळजवळ सारखे दिसतात: मधली दोन बोटं पुढे, शेजारी शेजारी, आणि कडेची दोन मागे, त्यांच्या कुशीत. बोटं आणि गादी यांच्यामध्ये मातीचा जो उंचवटा उरतो त्यावर काठीने फुलीची खूण करता येते आणि रेघा कुठल्याही बोटाला लागत नाहीत. मांजरकुळात ही फुली नीट बसत नाही. बोटं गादीभोवती कमानीसारखी मांडलेली असतात आणि त्यातलं एक बाकीच्यांपेक्षा पुढे आलेलं असतं.

हे पुढे आलेलं बोट डावा-उजवाही सांगतं. अंगठा दुमडून आपला तळहात ठशाशेजारी धरा. मधलं बोट सर्वांत पुढे आणि करंगळी मागे, हीच रचना पंजातही असते. डाव्या हाताशी जुळलं तर पाय डावा. पुढचा पाय मागच्यापेक्षा मोठा आणि रुंद, मागचा लहान नि लांबट, हेही ध्यानात ठेवा. डावा-उजवा, पुढचा-मागचा हे चारही वेगळे ओळखता आल्याशिवाय चालीकडे वळण्यात अर्थ नाही.

शेतात ठसा सापडला असेल तर त्यावरून माणसं, गुरं, ट्रॅक्टर जाण्याआधी उपडं घमेलं ठेवून तो झाका, आणि एकच नव्हे, त्याच ओळीतले निदान तीन-चार. माग उसात शिरत असेल तर मागोमाग जाऊ नका; तोडणीच्या दिवसांत उसात पिल्लं असण्याची शक्यता असते आणि मादी जवळच असते. वनविभागाचा टोल-फ्री क्रमांक १९२६ आहे.

वाघ, बिबट्या, आणि वाघाचा बच्चा

पूर्ण वाढलेल्या वाघाचा पुढचा पंजा साधारण १३ ते १६ सेंटिमीटर रुंद भरतो, बिबट्याचा ७ ते ९. मधल्या फटीत वाघाचे बच्चे येतात आणि तिथे पट्टी काहीच सांगत नाही. बच्च्याचा पंजा अंगाच्या मानाने जाड असतो: बोटं गुबगुबीत, एकमेकांना चिकटलेली, आणि पंजा मोठा असूनही ढांग आखूड. बिबट्याच्या ठशात बोटं सडसडीत आणि ढांग पंजाच्या मानाने लांब. बच्चा एकटा नसतो. दहा-वीस मीटर मागे-पुढे पाहिलं की आईचा मोठा पंजा सापडतो, आणि बच्च्याचा माग वाट सोडून इकडेतिकडे भरकटून परत येतो. बिबट्या वाटेच्या कडेने सरळ चालत जातो.

नर-मादी ओळखायची जुनी रीत मागच्या पायावर चालते. मागच्या ठशाभोवती चौकट आखायची. ती चौरसाकडे झुकली तर नर, उभट आयत झाली तर मादी. पूर्ण वाढलेल्या वाघात, चांगल्या धुळीत, ती बऱ्यापैकी लागू पडते. अर्धवट वाढलेल्या नरावर आणि चिखलातल्या ठशावर ती लावू नये.

यापुढे जाऊन ‘हा अमुकच वाघ’ असं सांगणाऱ्यांवर फार भरवसा ठेवू नका. ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६६ मध्ये ठशांवरून वाघ मोजायची पद्धत मांडली. १९७२ च्या देशव्यापी मोजणीत वाघांचा आकडा १,८२७ निघाला आणि पुढची तीन दशकं ठशावर काच ठेवून मागच्या डाव्या पायाचे ठसे गिरवण्यावरच गणना चालली. अडचण अशी, की एकच वाघ दोन प्रकारच्या मातीत, दोन वेगांनी चालला तर ठसे दोन वेगळ्या वाघांचे वाटू शकतात. राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात वाघ उरलेच नसल्याचं २००५ मध्ये उघड झालं आणि त्यानंतर मोजणी कॅमेरा ट्रॅपवर, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांवर, गेली. ठसे मात्र बाद झाले नाहीत. वनरक्षक आजही आपल्या बीटात, म्हणजे नेमून दिलेल्या वनक्षेत्रात, पाच-पाच किलोमीटर चालून मांसाहारी प्राण्यांच्या खुणा नोंदवतात, फक्त त्यातून ‘इथे वाघ आहे’ एवढंच म्हणतात, ‘किती आहेत’ हे म्हणत नाहीत. घरी शिकणाऱ्यानेही हीच मर्यादा पाळावी.

तरस, लांडगा, रानकुत्रा

तरसाची नखं बोथट आणि ठळक उमटतात, बोटं एकमेकांना दाटून चिकटलेली असतात आणि गादी तिरकी वाटते. पण तरस ओळखावं ते ओळीवरून. त्याचं सगळं वजन पुढे, खांद्यावर. पुढचा पंजा मागच्यापेक्षा इतका मोठा, की माग पाहताना मोठा-लहान, मोठा-लहान अशी जोडी डोळ्यांत भरते. कुत्र्यात हा फरक एवढा नसतो.

लांडगा आणि गावठी कुत्रा एका ठशावरून वेगळे करायला जाऊच नये. सोलापूर-नगरच्या माळरानावर हा प्रश्न रोजचाच. लांडग्याची मधली दोन बोटं जास्त पुढे आलेली असतात, खरं आहे. पण खात्री पटते ती शे-दोनशे मीटर माग पाहिल्यावर. लांडगा सूत धरल्यासारखा सरळ जातो, मागचा पाय पुढच्याच्या ठशात टाकत. कुत्रा हुंगायला वळतो, थांबतो, झुडपापाशी जातो, परत येतो.

रानकुत्र्यांचा माग कळपाने येतो. आठ-दहा जणांचे ठसे वाटभर, सगळे जवळपास एका मापाचे. गावकुत्र्यांची टोळी असेल तर मापं भलतीच वेगवेगळी मिळतात. वाटांच्या तिठ्यावर विष्ठेचे ढीग असतील आणि त्यात हरणाचे केस असतील तर शंका उरत नाही.

पाच बोटांचे

अस्वलाची पाच बोटं जवळजवळ एका सरळ ओळीत असतात आणि पुढच्या पायाच्या नखांची टोकं बोटांपासून बरीच पुढे, पाच-सहा सेंटिमीटरवर, वेगळी भोकं पाडतात. मागच्या पायाची टाच उमटली की तो ठसा अनवाणी माणसाचा वाटतो. माणसाच्या पावलात अंगठा ठळक मोठा आणि मधे कमान असते. अस्वलात दोन्ही नाहीत. त्याचे पंजे आत वळलेले पडतात आणि माग डुलत गेल्यासारखा दिसतो. जवळपास फोडलेलं वारूळ हमखास सापडतं.

मुंगसाचे पाच बोटांचे चिमुकले ठसे, पुढे लांब नखं. साळिंदराच्या ठशांच्या मधूनमधून बारीक रेघोट्या ओढलेल्या दिसतात. ते जमिनीला घासणारे काटे. घोरपडीच्या मागात मध्ये शेपटीची नागमोडी रेघ आणि दोन्ही बाजूंना नख्यांचे पंजे. वानराचा हात लांब बोटांचा, अंगठा अगदी आखूड आणि मागे. पायाचा अंगठा मात्र बाजूला फाकलेला.

खूर

खुराचं टोक ज्या बाजूला निमुळतं, त्या बाजूला प्राणी गेला. रानडुक्कर सर्वांत सोपं. खुरामागची दोन उंचावरची छोटी नखं त्याच्या ठशात घट्ट जमिनीवरही बहुतेकदा उमटतात, आणि तीही खुरापेक्षा बाहेरच्या बाजूला. हरणांची ही नखं फक्त खोल चिखलात किंवा उडी मारून उतरताना दिसतात. शिवाय डुकराच्या खुराची टोकं बोथट.

चितळाचा खूर ४ ते ५ सेंटिमीटर लांब, सडपातळ, टोकदार. सांबराचा ६ ते ८. भेकराचा जेमतेम ३. सांबराचं पाडस चितळाच्या मापात येतं, तेव्हा आजूबाजूला पाहा: चितळ कळपाने, ठशांवर ठसे, सांबर एकटं किंवा दोघं-तिघं. नीलगाय, म्हणजे रोही, दाट जंगलापेक्षा शेताच्या कडेला आणि उघड्या रानात, आणि तिच्या लेंड्यांचा ढीग एकाच ठरलेल्या जागी वाढत जातो. चौसिंगाही तेच करतो, पण लेंड्या फार लहान.

गव्याचा खूर दहा सेंटिमीटरच्या पुढे जातो, आणि राधानगरी किंवा चांदोलीच्या बाजूला तो म्हशी-बैलांच्या खुरांत हमखास मिसळतो. फरक खुरात शोधण्यापेक्षा ओळीत शोधा. गुरांबरोबर गुराख्याची पावलं असतात, काठीची भोकं असतात, आणि माग संध्याकाळी गावाकडे वळतो. गवा असा वळत नाही.

चाल

एका पायाच्या ठशापासून त्याच पायाच्या पुढच्या ठशापर्यंतचं अंतर ती ढांग. डाव्या ठशापासून उजव्यापर्यंतचं ते पाऊल. डाव्या ओळीच्या बाहेरच्या कडेपासून उजव्या ओळीच्या बाहेरच्या कडेपर्यंत ती मागाची रुंदी. या तिन्ही गोष्टी निदान पाच ठिकाणी मोजा आणि टोकाचे आकडे सोडून द्या.

साध्या चालीत वाघ-बिबट्याचा मागचा पंजा त्याच बाजूच्या पुढच्या पंजाच्या ठशावर किंवा जरा पुढे पडतो. रमतगमत चाललं तर मागे राहतो, झपाट्याने चाललं तर पुढे जातो. म्हणजे मागच्या ठशाची जागा हाच वेगाचा काटा. यातून दोन चुका जन्मतात. एक, वरचा स्वच्छ दिसणारा ठसा बहुधा मागच्या पायाचा असतो आणि लोक तो पुढचा समजून मापतात. दोन, अर्धवट एकमेकांवर पडलेले दोन ठसे मिळून सहा-सात बोटांचा भला मोठा पंजा तयार होतो आणि गावात राक्षसी वाघाची बातमी पसरते. अशा वेळी गादीच्या मागच्या कडा मोजा. दोन निघाल्या की उलगडा झाला.

दुडक्या चालीत तिरप्या जोडीचे पाय, म्हणजे पुढचा डावा नि मागचा उजवा, एकदम पडतात. माग अरुंद होतो, ढांग लांबते, ठसे एका रेषेकडे सरकतात. कोल्हा, लांडगा, रानकुत्रा लांबचा पल्ला असाच कापतात. मांजरकुळ क्वचित दुडकतं. चार बोटांचा माग फर्लांगभर दुडक्या चालीतच चालला असेल तर श्वानकुळाकडे झुका.

चौखूर पळताना चारही ठशांचा एक गट पडतो, मग मोठी मोकळी जागा, मग पुढचा गट. गटात मागचे पाय पुढच्यांच्याही पुढे उमटतात आणि माती मागे फेकलेली असते. चितळांच्या शांत मागात अचानक असे गट सुरू झाले, खुरांची टोकं फाकली आणि कळप चार दिशांना पांगला, तर जिथून ते सुरू झालं तिथे परत जा. शेजारी मांसाहारी प्राण्याचा आखूड पावलांचा, दबकत आल्याचा माग शोधा. चाल वाचण्याची खरी मजा इथे आहे.

ससा उड्या मारतो तेव्हा दोन लहान ठसे एकामागे एक आणि त्यांच्या पुढे दोन लांबट ठसे शेजारी शेजारी पडतात. लांबट ठसे मागच्या पायांचे. ते पुढे असल्यामुळे नवखा माणूस ससा उलट्या दिशेने गेला असं समजतो.

ठसा हरवला की काठी कामाला येते. ओळखता आलेल्या शेवटच्या दोन ठशांमधलं अंतर रबरबँडनी काठीवर पकडा. एक रबरबँड शेवटच्या ठशावर ठेवा आणि काठीचं दुसरं टोक हळूहळू फिरवा. पुढचा ठसा त्या कमानीवर कुठेतरी असतो: दबलेलं गवत, उलटलेला खडा, चिरडलेलं पान. सापडेपर्यंत पुढे पाऊल टाकायचं नाही आणि मागावर पाय द्यायचा नाही, बाजूने चालायचं.

शिकताना माग उलटा काढा, म्हणजे प्राणी आला त्या दिशेला जा. माहिती तेवढीच मिळते आणि अस्वलाच्या किंवा पिल्लं असलेल्या वाघिणीच्या पुढ्यात जाण्याचा धोका कमी होतो. अभयारण्यात, व्याघ्र प्रकल्पात परवानगीशिवाय पायी फिरता येत नाही, हे वेगळं सांगायला नको.

ठसा किती जुना

ताज्या ठशाच्या कडा धारदार असतात आणि तळाची माती गुळगुळीत. वारा आणि उन्हाने कडा गोलावतात, तळात काडीकचरा आणि बारीक धूळ साचते, किडे त्यावरून आपल्या रेघा ओढून जातात. हिवाळ्यात दव मोठी मदत करतं: झाडावरून टपकलेल्या दवाचे खळगे ठशाच्या आत असतील तर प्राणी दव पडण्याआधी गेला, खळग्यांवर पंजा दाबलेला असेल तर पहाटे. जंगलरस्त्यावर टायरची नक्षी पाहा. शेवटची गाडी केव्हा गेली हे ठाऊक असेल तर ठसा तिच्या वर आहे की खाली यावरून वेळ ठरते. मात्र पावसाळ्यात चिखलात उमटून वाळलेले ठसे डिसेंबरपर्यंत टणक राहतात. ते खोल, रेखीव आणि पाहताक्षणी ताजे वाटतात. बोटाने कड दाबून पाहा. मोडली नाही तर तो महिन्यांपूर्वीचा.

नोंद आणि साचा

फोटो बरोबर वरून काढा, तिरपा नको, आणि पट्टी ठशाच्या तळाच्या पातळीवर ठेवा. पट्टी नसेल तर दहा रुपयांचं नाणं चालतं, त्याचा व्यास २७ मिलिमीटर. एक फोटो ठशाचा, एक सलग मागाचा.

साच्याला प्लास्टर ऑफ पॅरिस लागतं: बिबट्यासाठी साधारण ४०० ग्रॅम, वाघासाठी किलोभर. ठशातली पानं-काड्या चिमट्याने उचला, मातीत घट्ट बसलेल्या तशाच राहू द्या. जाड पुठ्ठ्याची पाच सेंटिमीटर रुंद पट्टी ठशाभोवती गोल उभी करून बाहेरून माती लावा. मोजमाप एकाच भांड्याने: दोन भांडी पावडर, एक भांडं पाणी. पावडर पाण्यात घाला; पाणी पावडरीत घातलं तर गुठळ्या होतात. मिश्रण भज्यांच्या पिठाएवढं दाट झालं की थांबा, जास्त ढवळलं तर भांड्यातच घट्ट होतं. थेट ठशावर ओतू नका, धुळीचा ठसा फुटतो. कडेला चमचा आडवा धरून त्यावर ओता आणि मिश्रण वाहत आत जाऊ द्या. थर निदान अडीच-तीन सेंटिमीटर हवा, नाहीतर उचलताना तुकडे होतात. गार आणि दमट हवेत जास्त वेळ लागतो, एरवी अर्ध्या तासात साचा उचलता येतो. प्लास्टर जुनं, ओल धरलेलं असेल तर ते पिठूळच राहतं. घरून निघण्यापूर्वी वाटीभर घट्ट होतं का पाहून घ्या.

लागलेली माती त्याच दिवशी घासू नका. एक-दोन दिवस सावलीत वाळल्यावर मऊ ब्रशने पाण्याखाली काढा. साच्यात डावा-उजवा उलटा दिसतो, म्हणून पाय कोणता हे ओतण्यापूर्वीच ठरवून ठेवा आणि प्लास्टर ओलं असतानाच पाठीवर काडीने कोरा: तारीख, जागा, मातीचा प्रकार, पाय, आणि त्या मागातली ढांग.